तूप गप झालं की

सरांच्या शर्टाच्या खिशात पेन कधीच नसायचं. सही करायची वेळ आली की ते स्टाफरूममध्ये ज्याच्या त्याच्यापुढं हात करायचे आणि घेतलेलं पेन परत द्यायला विसरायचे. खिशात असायचे टीपकागदाचे तुकडे. कात्रीनं बराबर चौकोनी कापलेले, वरून रबरबँड. शाई टिपायचे दिवस तेव्हाही संपले होते. हे कागद तूप पकडायला होते.

कुंभार पिंपळगावात कुणाच्या लग्नाची पंगत बसली आणि त्यात सर असले, की वाढपी त्यांच्या पानापुढून जरा जल्दीच सटकायचे. तरी एखादी पुरणपोळी सरांच्या हाती लागायचीच. ती ते टीपकागदावर ठेवायचे, तळव्यानं दाबायचे आणि कागद उजेडाकडं धरायचे.

"बघा, पलीकडचा माणूस दिसून राह्यला. हेच तुमच्या रक्तनळीत जाऊन बसतं."

शेजारच्या पाव्हण्याचा घास हातातच राहायचा. यजमान तुपाचं भांडं घेऊन लांबूनच मागं वळायचे. एवढं होऊनही सरांना आमंत्रण सगळ्यांचं असे, कारण नवरदेव, त्याचा मामा, मंडपवाला आणि बँडवाला हे सगळेच त्यांच्या वर्गात बसून गेलेले.

मी त्या शाळेत मराठी शिकवायला गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते. जालन्याहून एक पत्र्याची पेटी घेऊन गेले आणि सरांच्याच घरी भाड्यानं राहिले. सर विज्ञान शिकवायचे, तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली, तिची रिकामी खोली मला मिळाली. सरांच्या पत्नीला मी काकू म्हणायचे. "आमच्या पोरीच्याच वयाची हाइस, तुला काय अहो-जाहो करायचं," असं म्हणून काकूंनी पहिल्या दिवशीच मला घरात घेऊन टाकलं. सर मात्र शेवटपर्यंत मला 'बाई' म्हणत राहिले.

सरांचा लाडका शब्द होता, पुरावा. आभाळ भरून आलंय म्हटलं तरी 'पुरावा?' आणि भूक लागली म्हटलं तरी 'पुरावा?' मुख्याध्यापक एकदा म्हणाले, अंगात ताप आहे, जरा घरी जाऊन पडतो. सरांनी मुकाट्यानं प्रयोगशाळेतला हातभर लांब तापमापक आणून त्यांच्यापुढं धरला. मुख्याध्यापक दिवसभर तसेच बसून राहिले बिचारे. लोक पाठीमागं सरांना 'नमुना' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी घरातल्या मांजराचं नाव नमुना ठेवलं आणि विषय संपवला.

तुपाशी त्यांचं हे वैर कुठून आलं, ते मला काकूंनी सांगितलं. सर अठरा वर्षांचे असताना त्यांचे वडील एका बारशाच्या पंगतीत बसल्या जागी गेले. धडधाकट माणूस, तुपात बुडवलेला पुरणपोळीचा घास हातात तसाच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सरांनी तो घास त्यांच्या बोटांतून स्वतः काढला होता. काकू म्हणाल्या, "लगीन होऊन आले तव्हापासून ह्यांच्या पानात एक थेंब वाढलेला न्हाई म्या. मला त्याचं काही वाटलं न्हाई. ज्याचा बाप गेला त्यालाच कळतं ते. पण मंग सगळ्या गावाला कशाला?"

सगळ्या गावाला कशाला, याचं सरांकडं उत्तर होतं. दहावीच्या विज्ञानात तेलापासून वनस्पती तूप कसं बनतं त्याचा एक परिच्छेद होता. तेल, निकेल, हायड्रोजन वायू. इतर शिक्षक तो पाच मिनिटांत उरकायचे, सरांचा त्यावर आठवडा जायचा. त्या तुपाचा डबा घेऊन वर्गात यायचे. "जनावराचा काही संबंध न्हाई. चरबी बिलकुल न्हाई. माणसानं डोकं चालवून तेलाचं तूप केलं, आणि तुम्ही अजून म्हशीच्या मागं!" परीक्षेत दरवर्षी त्यावर प्रश्न असायचा. पोरं घरी जाऊन आयांना सांगायची, आयांना सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि डबा पुन्हा घरच्या तुपापेक्षा स्वस्त. दोन-तीन वर्षांत गावातल्या निम्म्या तुळशी त्या रिकाम्या डब्यांत लागल्या. दूध डेअरीत जाऊ लागलं. बाजाराच्या दिवशी मटण घेताना जे लोक चरबीचा तुकडा वरून मागून घ्यायचे, तेच 'चरबी काढून दे रे' म्हणू लागले. वरणाला फोडणी डब्यातली, शिरा डब्यातला, दिवाळी डब्यातली. सर बाजारातून चालले की किराणा दुकानदार उठून नमस्कार करायचा.

आणि हे सगळं चाललेलं असताना त्यांच्या स्वतःच्या घरात तूप बनवण्यात ज्यांचा हात धरणारं कुणी नाही, अशी बाई होती.

काकू तीर्थपुरीच्या. त्यांच्या माहेरी आठ म्हशी होत्या आणि लोणी कढवायचं काम त्या बाराव्या वर्षापासून करत होत्या. सरांच्या घरीही एक म्हैस होती. सर दूध प्यायचे, पण साय काढून. ती साय रोज सकाळी नमुन्यासमोर ठेवायची, असा सरांचा नियम होता, कारण त्यांचा एक प्रयोग चालू होता. दर रविवारी ते नमुन्याला धान्याच्या तराजूत बसवून वजन करायचे आणि तारीख घालून वहीत लिहायचे. स्निग्ध पदार्थांचा प्राण्याच्या शरीरावर होणारा परिणाम. नमुना इतका फुगला होता की त्याला भिंतीवर उडी मारता येईना, ओट्यावर चढून मग खिडकीत आणि मग भिंतीवर, असा तो तीन टप्प्यांत जायचा. "फार तर दोन वर्ष," सर म्हणायचे. नमुना सतरा वर्षं जगला. शेवटी शेवटी काकू म्हणायच्या, "तुमचा पुरावा बघा भिताडावर ऊन खात बसलाय."

मी राहायला गेले त्याच वर्षी पुण्याहून पत्र आलं की मुलीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितलेलं. तेव्हा काकूच पुण्याला जाणार होत्या. पत्र वाचलं त्या रात्री काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "माय, मला बाळंतिणीपुरतं तूप लागंल. ह्यांना सांगू नको."

मग घरात चोरटा कारभार सुरू झाला. नमुन्याची अर्धी साय विरजणात जाऊ लागली. सर शाळेत गेले की काकू ताक घुसळायच्या. माझा तास नसला की मी लवकर घरी यायचे आणि त्या लोणी कढवत असल्या की जवळ बसायचे. तूप कढवताना काकू पातेल्यात बघायच्याच नाहीत. पाठ करून भाकरी थापत बसायच्या. मी म्हटलं, काकू, करपेल. म्हणाल्या, "तूप बोलतं. आधी लई बडबड करतं, तडतड तडतड. पाणी हाय तवर बोलतं. मंग गप होतं. गप झालं की उतरवायचं. ते बघायचं नसतं, आयकायचं असतं." बोलता बोलता त्यांनी मान वर केली, फडकं घेतलं आणि पातेलं उतरवलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तळाला बदामी बेरी आणि वर सोन्यासारखं तूप. बेरीत साखर घालून त्यांनी मला वाटीत दिली. मी आजवर खूप गोडधोड खाल्लं, पण ती बेरी मला अजून आठवते.

चार महिन्यांत पितळी किटली भरली. काकूंनी ती ज्वारीच्या कणगीत, ज्वारीतच गाडून ठेवली. मुलगी, बाळंतपण, लेकीची सासू काय म्हणेल, हे सगळं त्या एका किटलीत होतं.

पकडलं मांजरानं. सलग काही रविवार नमुन्याचं वजन घटत गेलं. सरांनी आधी जंत झाले असतील म्हणून औषध दिलं. मग तराजू तपासला. मग मांजराच्या पाळतीवर बसले, आणि एका सकाळी त्यांना दिसलं की बशीत साय अर्धीच पडली. उरलेली साय कुठं जाते, या एकाच प्रश्नावर त्यांनी दोन दिवस घर धुंडाळलं. कणगीत हात घातला तेव्हा काकू पाण्याला गेल्या होत्या.

ते भांडले नाहीत. सर भांडायचेच नाहीत, तीच तर पंचाईत. त्यांनी किटली उचलली आणि शाळेत आणली.

माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता, मध्ये फक्त पत्र्याचा पडदा. मी आठवीला कविता शिकवत होते. एकाएकी पोरांचं लक्ष उडालं, सगळी नाकं वर झाली. पुरणाच्या दिवशी घरात येतो तसा वास शाळेभर पसरला होता. मी बाहेर जाऊन सरांच्या दारात उभी राहिले. टेबलावर पणती, पणतीत काकूंचं तूप, वर लोखंडी कड्यात पाण्याचं चंचुपात्र. "एवढ्याशा तुपानं एवढं पाणी उकळलं! मंग तुमच्या पोटात काय होत असंल? लिहून घ्या." पोरं लिहून घेत होती आणि आवंढे गिळत होती. टेबलाखाली किटली. तास संपला की उरलेलं तूप ते मारुतीच्या देवळात दिव्याला देणार होते, तसं त्यांनी वर्गाला सांगूनही टाकलं.

मला ठाऊक होतं ते तूप कुणाचं आणि कशासाठी. मी आत जाऊन म्हणायला हवं होतं, सर, हे तुमच्या लेकीचं आहे. मी तेवीस वर्षांची होते, नोकरी कच्ची होती, ते ज्येष्ठ होते. ही सगळी कारणं खरी आहेत. मी माझ्या वर्गात परत गेले आणि पुढचं कडवं वाचायला घेतलं. त्याची मला आजही लाज वाटते.

काकू पुण्याला गेल्या त्या सरांनी आणून दिलेला वनस्पती तुपाचा सीलबंद डबा घेऊन. सव्वा महिन्यानं परत आल्या. नातू झाला होता, सगळं सुखरूप होतं. पिशवी खाली ठेवून पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "विहीणबाईंनी डबा हातात घेतला, उलटापालटा केला अन् म्हणल्या, अहो, हा तर आमच्या कोपऱ्यावरच्या किराण्यात पण मिळतो. एवढ्या लांबून वझं कशाला आणलं? वाईट न्हाई बोलल्या गं. हसूनच बोलल्या." एवढंच. त्याच दिवशी त्यांनी रवी धुतली, पुसली आणि माळ्यावर टाकली. महिनाभरात म्हैस विकायला लावली. सरांनी एक शब्द विचारला नाही. मला मात्र मोठ्या समाधानानं म्हणाले, "बाई, पटलं बघा त्यांना शेवटी."

पुढं माझं लग्न झालं, बदली झाली, मी जालन्याला आले. वर्षातून एकदा-दोनदा जाणं व्हायचं. सर निवृत्त झाले, नमुना गेला. काकू तेलात स्वयंपाक करायच्या, चांगला करायच्या, पण त्या घरात पुन्हा तुपाचा वास मी घेतला नाही.

मधल्या काळात जगाचं डोकं फिरलं. कालपर्यंत तूप नको म्हणणाऱ्या आमच्याच गल्लीतली पोरं व्यायामशाळेतून येऊन कॉफीत तूप घालू लागली. जालन्याच्या प्रदर्शनात काचेच्या बरण्या मांडलेल्या, वर रवी-डेऱ्याचं चित्र आणि 'पारंपरिक पद्धतीनं घुसळलेलं'. ज्या बायकांनी आपल्या सासवांचे डेरे भंगारात घातले त्याच बायका तिथं रांगेत. मीही होते, खोटं कशाला बोलू. बरणीचं झाकण उघडून वास घेतला आणि काकूंची आठवण आली. मी ती परत ठेवली.

तर एका सकाळी सर आमच्या दारात. न कळवता, एकटे, ऐंशीच्या घरातले. कानानं पार गेलेले. मुलीनं यंत्र घेऊन दिलेलं, पण ते कानात शिट्टी मारतं म्हणून खिशात, टीपकागदांच्या शेजारी. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, दुरुस्ती करून घ्या. वनस्पती तुपाबद्दल मी जे सांगत होतो ते चूक होतं."

झालं होतं असं, की नातू, म्हणजे त्याच बाळंतपणातला, आता डॉक्टर झाला होता. सुट्टीत आला आणि जेवताना म्हणाला, आजोबा, ते डब्यातलं घट्ट तूप घरच्या तुपापेक्षा हृदयाला जास्त वाईट निघालं. सर म्हणाले, "पुरावा?" नातवानं पुण्याला जाऊन जाडजूड छापील कागद पाठवले. सर शब्दकोश घेऊन पंधरा दिवस वाचत होते. मग त्यांनी जुने हजेरीपट आठवून एक यादी केली आणि घरोघर जायला सुरुवात केली. पिंपळगाव झालं, तीर्थपुरी झाली, परतूरला कापसाच्या आडतीवर बसणारे त्यांचे दोन विद्यार्थी झाले. "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. दुरुस्त करून घ्या." लोक हसायचे, चहा द्यायचे, पाया पडायचे. एकानं विचारलं, सर, मग आता वाटीभर तूप खाऊ का? "न्हाई," सर म्हणाले, "चमचाभर खा. वाटीचा पुरावा अजून मिळाला न्हाई."

मी ऐकत होते आणि मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. आपली चूक झाली हे कळणारे पुष्कळ असतात, पण ती सांगायला या वयात उन्हातान्हात एसटीनं कोण हिंडतं? मग मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं, "काकूंना सांगितलं का?"

सरांनी यादी काढून एकदा वरपासून खालपर्यंत बघितली. मग म्हणाले, "त्यांचं नाव हजेरीपटात न्हाई."

मला आधी हसू आलं. त्यांचा चेहरा बघितला आणि ते गेलं.

त्या दिवाळीनंतर मी पिंपळगावला गेले. दारातच करपल्याचा वास. काकू ओसरीवर सुपात तूर निवडत बसलेल्या. मी विचारलं, हे काय जळतंय? "तुझे सर तूप करून राह्यले," काकू म्हणाल्या, मान वर न करता. आत सर गॅससमोर उभे. संभाजीनगरहून मागवलेला दोनशे अंशांचा तापमापक लोण्यात बुडवलेला, हातात वही. माळ्यावरून रवी काढलेली होती, तिची एक पाकळी किड्यांनी खाल्लेली, सरांनी तिथं तांब्याची तार गुंडाळली होती. शेजाऱ्याकडून रोज म्हशीचं दूध घ्यायचे, साय साठवायचे, घुसळायचे, कढवायचे. कढवलं की वाटीत काढून काकूंच्या समोर ठेवायचे. काकू वाटीकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "करपलंय." वाटी तशीच परत.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"हे सातवं पातेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी आठवं चढवलं. मी ओसरीवर काकूंच्या शेजारी बसून तूर निवडत होते. आतून तडतड येत होती. आम्ही मुलांचं, बदलीचं, गुडघ्यांचं बोलत होतो. बोलता बोलता काकूंचा हात सुपात थांबला. क्षणभरच. मग पुन्हा तूर निवडू लागल्या. मी कान दिला. तडतड थांबली होती. आत सर तापमापकावर डोळे लावून उभे होते. थोड्या वेळानं करपल्याचा वास आला.

"काकू," मी म्हटलं, "तुम्हाला कळलं होतं."

"कान शाबूत हाईत माझे."

"आठही वेळा?"

"आठही येळा."

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलं का मला कुणी?"

एवढ्या वर्षांत काकूंचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, तेव्हाही तो चढला नाही. पण निवडलेली तूर त्यांनी पुन्हा न निवडलेल्यात ओतली. मला वाटलं, ही म्हातारी माणसं, या दोघांत आता किती पातेली करपायची उरली आहेत?

मी आत गेले. सर काळं पडलेलं तूप गाळून वहीत लिहीत होते, 'प्रयोग आठवा, निष्कर्ष नाही.' पंचवीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या दारातून परत फिरले होते. या वेळी फिरले नाही. त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, ते माझंच होतं, आणि वहीत त्या ओळीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: काकूंना विचारा. ते तूप लेकीचं होतं. त्यांना पुण्यात मान खाली घालावी लागली.

सरांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. विहीणबाईंचं ते हसून बोलणं त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मी तेही लिहिलं, शब्द न् शब्द, आणि तूप गप झालं की काकू उतरवायच्या, हेही. त्यांनी पुरावा मागितला नाही. दिवसभर ते खोलीत बसून होते, जेवायलाही आले नाहीत.

मी दुपारच्या गाडीनं निघणार होते, ते निघणं मी तिसऱ्या दिवसावर ढकललं. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांनी पातेलं चढवलं, आणि तापमापक न लावता ओसरीवर आले. काकूंच्या समोर उभे राहिले. वर्गात उभ्या केलेल्या पोरासारखे हात मागं बांधून.

"तुमचं तूप गप कधी होतं," ते म्हणाले, बहिऱ्या माणसाचं बोलणं असतं तसं मोठ्यानं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "मला आयकू येत न्हाई. कधी उतरवायचं ते तुम्ही सांगा."

काकू सुपातली तूर निवडत राहिल्या.

"पोरीचं तूप मी न्यायला न्हाई पायजे होतं. माझा बाप गेला त्यात तुमचा काही गुन्हा नव्हता."

आतून तडतड येत होती. काकूंनी सूप बाजूला ठेवलं नाही, वर बघितलं नाही. सर तसेच उभे. मला वाटलं, संपलं, हेही पातेलं गेलं. मग तडतड विरळ झाली, एक-दोन थेंब बोलले आणि घर एकदम शांत झालं. काकू गुडघ्यांवर हात देऊन उठल्या. सरांच्या अंगावरून आत गेल्या. आम्ही दोघं मागं.

"फडकं द्या," काकू म्हणाल्या.

सरांना ऐकू गेलं नाही. काकूंनी हातानं खूण केली. सरांनी खांद्यावरचा पंचाच काढून दिला. काकूंनी पातेलं उतरवलं. तळाला बदामी बेरी होती आणि वर तेच तूप. मी तिथंच भिंतीला टेकून रडले. काकूंनी बेरीत साखर घालून वाटी माझ्या हातात दिली, दुसरी सरांपुढं ठेवली. सरांनी वाटीकडं बघितलं, मग काकूंकडं. वडील गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी बोट बुडवून चाटलं. मग वाटी संपवली.

दुपारी मी निघाले तेव्हा काकूंनी तीच जुनी पितळी किटली बाहेर आणली. चिंचेनं घासून लख्ख केलेली, अर्धीच भरली होती.

"जालन्याहून पुण्याला कुणी जात असंल तर पोरीकडं पोचव. तिला म्हणावं, बाळंतपणाचं हाय."

बाळंतीण पन्नाशीला आली होती, बाळ दवाखान्यात रुग्ण तपासत होतं.

"उशीर झाला," काकू म्हणाल्या. "विहीणबाई तर राह्यल्या न्हाईत आता. त्यांना दावायचं राहूनच गेलं."

सर किटलीचं झाकण दाबून बघत होते. "काय म्हणल्या?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "बाळंतपणाचं तूप आहे म्हणाल्या."

सरांनी मान हलवली. झाकण सैल होतं, एसटीत हिंदकळून तूप सांडलं असतं. त्यांनी खिशात हात घातला, टीपकागदांच्या गठ्ठ्यावरचा रबरबँड काढला, सगळे तुकडे एकावर एक किटलीच्या तोंडावर बसवले आणि वरून झाकण घट्ट दाबून लावलं. मग रिकामा खिसा एकदा चाचपला आणि किटली माझ्या हातात देऊन म्हणाले, "बाई, मांडीवर धरून न्या. खाली ठेवू नका."